मागून आणलेली लोकर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील, तर माझ्या मामीचे. मी शिकलो, पदवी घेतली, शिक्षक झालो, त्यात माझी मेहनत असेल थोडी. पण पहाटे उठून कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या डब्यात भाकरी लागते, आणि ती मामीने घातली, मी पदवीधर होईपर्यंत. तिच्याबद्दल लिहायचं तर तिच्या मुलीबद्दल लिहावं लागतं, म्हणून इतकी वर्षं मी लिहिलं नाही.

आमचं गाव पारशिवनीच्या पुढे. मॅट्रिक मी पारशिवनीच्या शाळेतून झालो. आमच्या वस्तीतून कॉलेजात जाणारा मी पहिला, त्यामुळे कॉलेजात जायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. वडिलांनी मला एसटीत बसवलं आणि नागपूरला सक्करदऱ्यात मामांच्या दारात आणून उभं केलं. मामा गिरणीत कामाला होते. एक खोली आणि तिला लागून पत्र्याचा आडोसा, तिथे चूल. वडील खोलीभर नजर फिरवून संकोचाने म्हणाले, "जागेची अडचन होईन तुम्हाले."

मामी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "खाटेखाली पेटी बसते ना त्याची? मंग कायची अडचन."

तेव्हा ती पंचविशीची असेल. तिची दोन मुलं गेली होती. पहिला मुलगा पाळण्यातच गेला, दुसरा चार पावलं टाकायला लागल्यावर. घरात त्यांच्याबद्दल कोणी बोलत नसे. मला हे आईकडून माहीत होतं.

मामी रामदासपेठेत एका बंगल्यात भांडी घासायला जायची. तिथल्या बाई दुपारी व्हरांड्यात बसून क्रोशाचं विणत. मामी भांडी पालथी घालता घालता त्यांच्या बोटांकडे बघायची. विचारायची सोय नव्हती, बघून बघूनच तिने ते उचललं. मामांनी सायकलच्या चाकाची तार कापली, तिचं टोक तापवून वाकवलं, कानशीने गुळगुळीत केलं आणि तिला सुई करून दिली. त्यांना तिच्या या कलेचं फार कौतुक होतं. "माह्या बायकोचा हात पाहून मशीन लाजते," असं ते गिरणीतल्या लोकांना सांगत, आणि ते लोक मला भेटले की ते वाक्य मला ऐकवत.

नवी लोकर परवडणारी नव्हती. फाटके स्वेटर कुठून कुठून येत. मामी ते उसवायची. उसवलेली लोकर शेवयांसारखी वळ्यावळ्यांची असते. ती उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून सरळ करायची, वाळवायची, गुंडे करायचे. मग आधी साखळी घालायची आणि साखळीवर एकेक खांब उभा करत जायचं. क्रोशाच्या सुईवर एका वेळी एकच टाका असतो, त्यामुळे दूध उतू जायला लागलं तर काम तसंच टाकून उठता येतं. दोन सुयांच्या विणकामात तसं जमत नाही, म्हणून तिला क्रोशाच बरा वाटायचा. ती गल्लीतल्या मुलांसाठी मफलर करायची. नागपूरच्या उन्हाळ्याचं नाव मोठं, पण डिसेंबरात सकाळी सक्करदऱ्याच्या तळ्याकडून वारा सुटला की पातळ सदऱ्यातली पोरं कुडकुडत. तेव्हा गल्लीत जिकडेतिकडे मामीचे मफलर दिसायचे, कानांवरून घेऊन मागे गाठ मारलेले. एखादं पोर त्यालाच नाक पुसायला लागलं की ती दारातून ओरडायची, "मफलर आहे बाप्पा तो, तुह्या मायचा पदर नाही."

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा तिला मुलगी झाली. मामी तिला 'माय' म्हणायची, आम्हीही तेच म्हणू लागलो. पहिलं वर्ष ती धडधाकट होती. दुसरा हिवाळा जवळ आला आणि ती पावलं टाकायला लागली, तशी मामी सैरभैर झाली. तिचा दुसरा मुलगा याच वयात गेला होता.

ज्या घरात मुलं जगत नाहीत, त्या घरातल्या मुलाला मागून आणलेलं घालायचं, अशी आमच्याकडे जुनी रीत होती. ज्यांची मुलं जगली, वाढली, त्यांच्या दारात पदर पसरून मागायचं. मागून आणलेलं धुवायचं नाही, धुतलं तर गुण जातो. आणि एकदा घातलं की अंगावरून उतरवायचं नाही. गल्लीतली एक म्हातारी बाई मामीला हे रोज सांगायची. मामीने ठरवलं, मागून आणलेल्या लोकरीचा मफलर करायचा.

मामांना हे चालणार नव्हतं, आणि त्याचं कारण समजून घ्यायला हवं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच आठवड्यात मामांनी घरातले देव स्वतःच्या हाताने नेऊन पाण्यात टाकले होते. पण देवांपेक्षाही त्यांना मागण्याचा राग होता. त्यांच्या लहानपणी गावात त्यांची आई दारोदार भाकर मागायला जायची. आमच्या लोकांच्या वाट्याला ती रीतच होती. दाराबाहेर उभं राहून हाक द्यायची आणि वरून जे टाकतील ते पदरात झेलायचं. मामा तिचं बोट धरून जात. दीक्षेनंतर त्यांनी घरात एकच नियम केला होता, की यापुढे या घरातलं कोणी कोणाच्या दारात पदर पसरणार नाही.

मी अभ्यासाला बसलो होतो तेव्हा त्यांचं बोलणं झालं.

"मांगून आनलेलं माह्या पोरीच्या अंगावर नाही पाहिजे," मामा म्हणाले.

"पहिल्या दोघायले घरचंच घातलं होतं ना," मामी म्हणाली.

मामा उठून बाहेर गेले.

मामांची गिरणीत पाळी असली की मामी निघायची. माय कडेवर, पदर खोचलेला. कुठे हातभर लोकर मिळायची, कुठे नुसता दोरा. एका दारात बाई म्हणाली, "लोकर मांगून राहिली? चांगलं आहे, उद्या मेंढी मांगाले येशीन." मामीही हसली. दुसरीकडे एका बाईने आधी जात विचारली, मग गुंडाळी वरून सोडली. ती पदरातून निसटून नालीत पडली. मामीने ती उचलली नाही. मी बरोबर होतो म्हणून उचलली नाही, असं मला तेव्हा वाटलं. रविवारी ती मला बरोबर न्यायची, कारण क्वार्टरांवरचे नंबर मला वाचता यायचे.

अशाच एका रविवारी आम्ही एका क्वार्टरात गेलो. त्या घरातला मुलगा घटसर्पातून वाचला होता. घटसर्प म्हणजे घशाचा तो रोग, ज्यात लहान मुलांचा श्वास कोंडतो. त्या भागात दोन-तीन मुलं त्याने गेली होती, हा एक उठून बसला होता. म्हातारीने मामीला सांगितलं होतं, की मरण पाहून परत आलेल्या लेकराच्या लोकरीसारखी दुसरी लोकर नाही. इतर दारांत मामी जे मिळेल ते घ्यायची. इथे ती ठरवून गेली होती.

दार उघडणाऱ्या बाईने आधी मला न्याहाळलं. "काय पाहिजे?"

"तुमच्या लेकराच्या स्वेटरची जराशी लोकर द्या बाई," मामी म्हणाली. "माही दोन गेली. ही तिसरी."

"पैसे नाही? लोकर?"

"त्याच्या अंगची लोकर. मोठ्या दुखन्यातून उठला म्हनतात तो."

त्या बाईने मायकडे बघितलं. मग आत हाक मारली. मुलगा बाहेर आला. हडकुळा, आवाज बसलेला. अंगात लाल स्वेटर होता. आईने तो तिथेच त्याच्या डोक्यातून काढला, खालची पट्टी कात्रीने कापली, दोन-चार ओळी सरसर उसवल्या आणि ती लोकर मामीच्या हातात दिली. वरून टाकली नाही. "जगू द्या तुमची पोरगी," एवढंच म्हणाली.

परत येताना तळ्याजवळ आल्यावर मामी म्हणाली, "हातात दिली गा तिनं."

तो मफलर अनेक रंगांचा झाला. तुकडे आखूड होते, दर दोन-तीन ओळींनी रंग बदलायचा, पण गाठी तिने अशा लपवल्या होत्या की बोट फिरवलं तरी लागायच्या नाहीत. लाल लोकर तिने बरोबर गळ्याशी येईल अशी घातली. मामांनी संध्याकाळी आल्यावर मुलीच्या गळ्यात मफलर पाहिला. पण तो काढला नाही.

दहा-बारा दिवसांनी मायला सर्दी झाली. अंग कोमट होतं, खात नव्हती, लाळ गळत होती. थंडीने झालं असेल असं आम्हाला तिघांनाही वाटलं. मामी मफलर आणखी जवळ ओढून घ्यायची. त्या दिवशी मी कॉलेजातून दुपारी घरी आलो, तर मामी उंबऱ्यावर बसली होती आणि मायच्या श्वासाचा आवाज मला रस्त्यावरून ऐकू आला. करवतीने ओलं लाकूड कापावं तसा. मी मफलरच्या गाठीला हात घातला. मामीने माझा हात धरला.

"काढू नोको गा."

"पाहू तर दे मामी."

तिने हात सोडला. मी गाठ सोडली. हनुवटीपासून खांद्यापर्यंत गळा सुजून एकसारखा झाला होता.

आम्ही सायकलरिक्षाने दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जिभेवर चमचा दाबून बॅटरीने आत पाहिलं. "कधीपासून आहे ही सूज?" त्यांनी विचारलं. गळ्याभोवती काय होतं ते मी त्यांना सांगितलं. ते चिडले नाहीत. नर्सला घाईने काही आणायला सांगितलं, सुई टोचली. दिवस मावळताना माय गेली.

मामा गिरणीतून थेट तिथे आले होते. केसांत कापसाचे पुंजके तसेच होते. मफलर माझ्या हातात होता, तो त्यांनी पाहिला. व्हरांड्यात माणसं होती, त्यांच्यासमोर ते मामीला म्हणाले, "दारोदार मांगून पोरीचं मरन आनलं तुनं."

मामीने मान वर केली नाही. घरी जाईपर्यंत तिने मायला खांद्यावर असं धरलं होतं, की रस्त्यातल्या माणसाला मूल झोपलंय असंच वाटावं.

त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत घटसर्पाने आणखी दोन मुलं गेली. मामांचं बोलणं तोवर सगळीकडे झालं होतं. एके दिवशी सकाळी शेजारची बाई आली. तिच्या मुलाचा मफलर घडी करून तिने मामीपुढे ठेवला. तो साध्या, धुतलेल्या लोकरीचा होता, मागच्या वर्षीचा.

"राग नोको मानू वं," ती म्हणाली. "लेकराचं आहे म्हनून."

"ठेव," मामी म्हणाली.

मग इतर बायका येऊ लागल्या. काही बोलायच्या, काही नुसता ठेवून जायच्या. ज्या दोन घरांत मुलं गेली, तिथून कोणी आलं नाही, कारण त्या मुलांना मामीने कधी मफलर केलेच नव्हते. पण हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मामीने सगळे मफलर चुलीत घातले. लोकर जळते तेव्हा केस जळाल्यासारखा वास येतो. तो त्या खोलीत कित्येक दिवस होता. सायकलच्या तारेची सुईही तिने त्यातच टाकली.

थोड्या दिवसांनी, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "बाबू, तुह्या पुस्तकात असन ना? लोकरीतून जाते का गा तो रोग?"

मी विज्ञान शाखेला होतो. माझ्या पुस्तकात बेडूक होता, झाडाच्या पानाचा छेद होता. हे नव्हतं. मी म्हणालो, "पाहतो." मला खरंच माहीत नव्हतं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

मी त्या घरात पुढेही राहिलो. डबा रोज वेळेवर मिळाला. परीक्षेच्या दिवसांत मामी माझ्यासाठी कंदिलाची काच पुसून ठेवायची. मामा आणि ती एकमेकांशी कामापुरतं बोलत. पीठ संपलं, नळ आला, पाळी बदलली. त्यांना पुन्हा मूल झालं नाही. माझा निकाल लागला तेव्हा मामांनी मला खांद्यावर हात टाकून गल्लीभर फिरवलं, "आमचा ग्रॅज्युएट" म्हणून दाखवलं. मामी दारात उभी होती. मी पाया पडलो तर म्हणाली, "आता घरी जाय. माय वाट पाहून राहिली असन तुही." माझ्या आईबद्दल बोलत होती ती. पण तो शब्द तोंडातून गेल्यावर ती वळून आत गेली.

मला पारशिवनीच्या शाळेत नोकरी लागली. काही वर्षांनी तिथल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आले. ते शाळेत लहान मुलांना सुया टोचायला यायचे. पोरं पळायची, त्यांना धरून आणायचं काम आमच्याकडे. एकदा मी विचारलं की ही सुई कशाची. त्यांनी सांगितलं, तीन रोगांची आहे, त्यातला एक घटसर्प. शाळा सुटल्यावर मी त्यांना चहाला थांबवलं आणि सगळं विचारून घेतलं.

त्यानंतर मामीला पत्र लिहायला मला बरेच दिवस लागले. तिला बरं वाटेल असं खोटं लिहिणं सोपं होतं. पण तिने मला खरं विचारलं होतं. शिवाय मामीला अक्षर येत नव्हतं. मामा रात्रशाळेत वाचायला शिकलेले. गल्लीतल्या सगळ्यांची पत्रं तेच वाचून दाखवत, आणि लिहिलेलं जसंच्या तसं वाचायचं, मधलं काही गाळायचं नाही, असा त्यांचा कटाक्ष असे. म्हणजे मी जे लिहीन ते मामांच्या तोंडून तिला ऐकू जाणार होतं. एरवी मी पुस्तकी भाषेत लिहायचो. या वेळी घरच्या बोलीत लिहिलं. आधी कच्चं लिहून मग उतरवलं, म्हणून ते माझ्याजवळ राहिलं. ते असं:

मामी,

मी बरा आहो. इथं सारे बरे आहेत.

तू एकदा भाकरी करता करता मले पुसलं होतं, का लोकरीतून तो रोग जाते का. मी पाहतो म्हनलो आन् तसंच राहून गेलं. आता इथल्या डॉक्टरले पुसलं. त्यायनं सांगतलं तेच लिहून राहिलो.

तो रोग एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाते. खोकल्यानं, श्वासानं, जवळ घेतल्यानं. रोग्याच्या कपड्यातूनबी जाऊ शकते. हे मी तुह्यापासून लपवत नाही. पन त्या वर्षी आपल्या गल्लीत अजून दोन लेकरं गेली. त्यायच्या गळ्यात तुहा मफलर नव्हता. त्या लाल लोकरीले त त्यायनं हातबी लावला नव्हता. रोग गल्लीत फिरूनच राहिला होता. आपल्या मायले तो लोकरीतून आला, का कोनाच्या खोकल्यातून, हे आता कोनीच सांगू शकत नाही. डॉक्टर म्हनले, ते तवा असते तरी त्यायले सांगता आलं नसतं.

गळ्याची सूज मफलरखाली दिसली नाही, हे खरं आहे. एक दिवस आधी नेलं असतं त कदाचित वाचली असती. डॉक्टर कदाचितच म्हनले. पन त्या खोलीत तू एकटी नव्हती. मी होतो, मामा होते. आपन तिघंबी तिले सर्दी झाली म्हनत होतो. हे तिघायचं आहे.

त्या रोगाची सुई असते. लहानपनीच टोचली का तो होत नाही. तू भांडे घासाले जात होती त्या बंगल्यातल्या लेकरायले तवाबी टोचली असन. आपल्या गल्लीत कोनी सांगाले आलं नाही. तुले मालूम असतं त लोकरीसाठी हिंडली तशी तू सुईसाठी हिंडली असती.

आता पुढचं मामांसाठी आहे. मामा, तुम्हीच वाचून राहिले म्हनून लिहितो, इथं थांबू नका. त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही मामीले एक बोलले. चार लोकायसमोर बोलले. ते खरं नाही. आता खाली लिहिलं आहे ते तिले मोठ्यानं वाचून दाखवा.

तुनं पोरीचं मरन आनलं नाही.

वाचून झालं का ती काय म्हनते ते मले लिहून पाठवा. काही नाही म्हनली, त तेबी लिहा.

तुहा भाचा